हिस्से वाटा, दुकान फोडू नका

आपल्या समाजात दुकान सुरू करणारे पुष्कळ आहेत. ते मेहनतीने चालवणारेही पुष्कळ आहेत. पण चालते दुकान नातवाच्या हाती धड स्थितीत सोपवणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके निघतील. आजोबांनी खांद्यावर गाठोडे घेऊन गावोगाव कापड विकावे, बापाने पेढी उभी करावी आणि बापाचा चाळिसावा होतो न होतो तोच मुलांनी दुकानाच्या मधोमध प्लायवुडची भिंत घालावी, हा प्रकार आम्ही भिवंडीत पाहिला, मालेगावात पाहिला आणि खोटे कशाला बोलावे, आमच्या स्वतःच्या घरातही पाहिला. म्हणून या पानावर नेहमीचा सुताचा भाव आणि बाजारातली मंदी बाजूला ठेवून आज एका परदेशी खानदानाच्या कारखान्याची हकीकत सांगायची आहे. वाचकांनी ती शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

लाकडाच्या वखारीत आजकाल नारिंगी आणि करड्या रंगाचे एक मशीन दिसते. पेट्रोलवर चालते, पुढे पट्टीवरून दातेरी साखळी फिरते आणि दोन माणसांना अर्धा दिवस लागणारे खोड काही मिनिटांत कापून मोकळे होते. आमच्या ओळखीच्या एका वखारवाल्यांकडे ते पाहिले तेव्हा आम्ही सहज विचारले की ही कोणती कंपनी. ते म्हणाले, "शेठ, जर्मनीची आहे. स्टिल. आणि गंमत म्हणजे अजून त्याच घराण्याची आहे." त्या शेवटच्या वाक्यामुळे आम्ही या कंपनीची माहिती काढू लागलो. माहिती मिळत गेली तशी आम्हाला आपलीच लाज वाटत गेली.

सुरुवात कशी झाली

जर्मनीच्या दक्षिण भागात श्टुटगार्ट शहर आहे. आंद्रेआस स्टिल नावाच्या इंजिनियरने १९२६ साली तिथे छोटा धंदा सुरू केला. त्याचा जन्म १८९६ चा, म्हणजे वय तीस. सुरुवातीला तो बॉयलरच्या भट्टीला लागणारे साहित्य आणि कपडे धुण्याची यंत्रे बनवत असे. पण त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट घोळत होती. जंगलात पाडलेले झाड ओढत करवतीपर्यंत आणण्यापेक्षा करवतच झाडापर्यंत का नेऊ नये? त्याच वर्षी त्याने विजेवर चालणारी साखळीची करवत तयार केली. १९२९ साली पेट्रोलवर चालणारी केली.

हे पेट्रोलचे मशीन ४६ किलो वजनाचे होते. ते धरायला दोन गडी लागत. आजचा कारागीर ते पाहून हसेल. पण हा गृहस्थ तिथे थांबला नाही. १९५० साली त्याच्या कारखान्याने एका माणसाला चालवता येईल असे मशीन आणले, वजन १६ किलो. १९५९ साली 'कोंट्रा' नावाचे मशीन आले, वजन १२ किलो. १९६० च्या दशकात मुठीला बसणारे हादरे कमी करण्याची सोय झाली, कारण सतत हादऱ्यांनी लाकूडतोड्यांची बोटे बधिर आणि पांढरी पडत असत. मशीन उसळले तर साखळी जागच्या जागी थांबावी म्हणून १९७२ च्या सुमारास ब्रेक बसवला गेला. १९७१ पर्यंत ही कंपनी साखळी करवती विकण्यात जगात पहिली झाली होती.

पंचेचाळीस वर्षे एकच वस्तू धरून ठेवली आणि तीच सुधारत नेली, हे आमच्या कारागीर बांधवांनी ध्यानात घ्यावे. आपल्याकडे लुंगीला भाव आला की सगळे लुंगी विणतात, साडी चालली की सगळे साडीवर जातात आणि वर्षभरात सगळ्यांचेच भाव पडतात. एका मालात नाव कमवायला पिढी लागते. तेवढा सब्र आपल्यात राहिलेला नाही.

इथे एक गोष्ट लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हा आंद्रेआस स्टिल हिटलरच्या नाझी पक्षाचा आणि त्याच्या एसएस संघटनेचा सभासद होता. युद्धानंतर अमेरिकनांनी त्याला काही काळ स्थानबद्ध करून ठेवले होते. तेव्हा आम्ही या माणसाची आरती ओवाळत नाही. जुलमाच्या बाजूने उभा राहिलेला माणूस कितीही हुशार असला तरी तो आपल्यासाठी आदर्श नाही. आम्ही बोलतो आहोत ते त्याच्या पश्चात घराण्याने कारभार कसा सांभाळला त्याबद्दल. शहाणपणाची गोष्ट जिथे सापडेल तिथून उचलावी, असे आपले वडीलधारे सांगत आले आहेत.

बाप गेल्यावर काय झाले

१९७३ साली आंद्रेआस स्टिल वारला. मागे चार मुले, दोन भाऊ आणि दोन बहिणी. आपल्याकडे असते तर काय झाले असते ते सांगायला नको. एकाने साखळीचा विभाग घेतला असता, दुसऱ्याने इंजिनाचा, गोदाम भाड्याने गेले असते आणि बहिणींची हक्कसोड पत्रावर सही झाली असती.

तिथे तसे झाले नाही. थोरला मुलगा हान्स पेटर इंजिनियर होता आणि १९६० पासून कारखान्यात काम करत होता. त्याने सूत्रे हाती घेतली. बहीण एफा हीही १९६० पासून कंपनीत होती. पुढे कंपनीच्या पैशाअडक्याचा सगळा व्यवहार तिने अनेक वर्षे सांभाळला आणि कंपनीच्या कारभारात भावाच्या खालोखाल तिचा शब्द चालत असे. २०२२ साली ती वारली. मालकी चौघांच्या घरात राहिली, पण कारखाना एकच राहिला. बापाच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, १९७४ साली, त्यांनी अमेरिकेत व्हर्जिनिया बीच येथे आणि स्वित्झर्लंडमध्ये वील येथे काम सुरू केले. आपल्याकडे बापानंतरच्या पहिल्या वर्षी कोर्टाची पायरी चढली जाते. त्यांनी दोन देशांत कारखाने उभे केले.

२००२ साली या भावंडांनी आणखी एक पाऊल उचलले. रोजचा कारभार घराबाहेरच्या जाणत्या माणसांकडे सोपवला आणि स्वतः देखरेख करणाऱ्या मंडळावर बसले. मालकी घरात, नोकरी लायक माणसाला. २०१२ साली हान्स पेटरने देखरेखीची ती जबाबदारीही मुलाकडे, निकोलासकडे दिली. आज सुमारे १६० देशांत त्यांचा माल विकला जातो आणि वर्षाची विक्री पाच अब्ज युरोंच्या वर आहे. कंपनीचा शेअर बाजारात मिळत नाही, कारण तो विकायला काढलेलाच नाही. पुण्याजवळ चाकणलाही त्यांचे ठाणे आहे.

विक्रीची त्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत मोठमोठ्या साखळी दुकानांच्या मालकांनी सगळा बाजार व्यापला, तरी या कंपनीने त्यांना माल दिला नाही. जो दुकानदार मशीन चालवून दाखवील, ग्राहकाला वापर समजावील आणि बिघडले तर दुरुस्त करून देईल, त्याच्याकडेच माल. म्हणजे विकले आणि हात झटकले, असे नाही. आपले इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफ्याचे कापड व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एकदा कापडातला दोष न सांगता माल विकला, तेव्हा त्यांनी त्या विक्रीची सगळी रक्कम खैरात केली, असे सांगितले जाते. हा वारसा आपला. ग्राहकाला "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी दाखवणारेही आपणच.

शेजारचेच दुसरे उदाहरण

सगळ्याच जर्मन घराण्यांना हे जमले, असे नाही. त्याच श्टुटगार्टच्या परिसरात न्युर्टिंगेन या गावी १९२४ साली मेटाबो नावाचा कारखाना सुरू झाला. ड्रिल आणि ग्राइंडर बनवणारी ही कंपनी आपल्या फॅब्रिकेशनवाल्या बांधवांना ठाऊक असेल. वयाने स्टिलपेक्षा दोन वर्षांनी थोरली. तीही जवळजवळ नव्वद वर्षे घराण्यांच्या मालकीची होती. २०१२ साली ती एका फ्रेंच गुंतवणूक कंपनीला विकली गेली. चार वर्षांच्या आत तिथून ती जपानच्या हिताची कोकीकडे गेली आणि २०१७ साली हिताची कोकीच एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीने विकत घेतली. पाच वर्षांत तीन धनी. माल आजही चांगलाच आहे, कामगार तेच आहेत, पण घराणे संपले.

दोन कारखाने, एकच मुलूख, एकच जमाना, एकच महायुद्ध. एक घरात राहिला, एक गेला. तेव्हा "जर्मन लोकांची गोष्टच वेगळी" असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

आमच्या घरची गोष्ट

१९९८ साली आमचे अब्बा अल्लाहला प्यारे झाले. अम्मी त्यांच्या आधी गेल्या होत्या. आम्ही तीन भाऊ आणि एक आपा. दुकान चौदा फूट रुंद होते. त्याचे तीन भाग झाले. प्रत्येकाला पाच फूटही आले नाहीत. गिऱ्हाईक बसायला गादी घालावी तर थान उलगडायला जागा नाही. अब्बांच्या नावाच्या तीन पाट्या लागल्या, एक जुनी, एक 'न्यू' आणि एक 'ओरिजिनल'. सुरतेचे व्यापारी अब्बांना तीन महिन्यांच्या उधारीवर माल देत असत. त्यांनी विचारले, बिल कोणाच्या नावाने करू? आम्ही तिघांनी तीन नावे सांगितली. त्यांनी उधारी बंद केली. अब्बांनी तीस वर्षांत कमावलेली पत आम्ही तीन महिन्यांत घालवली.

आणि आपांचे काय? त्यांच्यापुढे आम्ही हक्कसोड पत्र ठेवले. त्यांनी काही न विचारता सही केली. आम्ही त्याला बहिणीचे प्रेम म्हटले. ते प्रेम नव्हते, माहेर तुटण्याची भीती होती. शरियतप्रमाणे भावाला दोन तर बहिणीला एक, म्हणजे आमच्या अब्बांच्या मालमत्तेचे सात हिस्से व्हायला हवे होते. दोन-दोन आम्हा भावांना आणि एक आपांना. आम्ही प्रत्येकी एक तृतीयांश घेतले, म्हणजे प्रत्येकाच्या घासात आपांचा एकविसावा भाग होता. पाच वक्ताची नमाज पढून तो आम्ही वीस वर्षे खाल्ला. पुढे हिशेब करून आजच्या भावाने ती रक्कम हप्त्यांनी परत केली. मधल्या भावाने केली, धाकट्याचे चालू आहे. यात आमचा मोठेपणा नाही. अमानत होती, ती उशिरा पोहोचली एवढेच. लिहिण्याचे कारण इतकेच की हे पान वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या कपाटात तसलेच एक पत्र पडून असेल.

मग करावे काय

पहिली गोष्ट, हिस्सा आणि दुकान या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शरियतने वारसांचे हिस्से ठरवून दिले, ते फर्ज आहे, त्यात एक पैशाची काटछाट चालत नाही. पण दुकानाचे तुकडे करा असे शरियतने कुठेही सांगितलेले नाही. वारस आपापल्या हिश्श्याचे मालक राहून एकच दुकान शिरकतीत चालवू शकतात. आपल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक होती. वक्फ अलल-औलाद म्हणजे मिळकत अखंड ठेवून तिचे उत्पन्न औलादीत वाटण्याची रीत. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने अशा वक्फांना आडकाठी केली तेव्हा समाजाने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९१३ साली बॅरिस्टर जिनांनी मांडलेल्या विधेयकातून कायदा करून घेतला. म्हणजे अखंड मिळकतीची कल्पना आपल्याला परकी नाही. मात्र मुलींना डावलण्यासाठी कोणी तिचा आधार घेऊ नये. तो शरियतचाही गुन्हा आहे, आणि २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यानेही ती वाट बंद केली आहे.

दुसरी गोष्ट, लिहून ठेवा. कुरआन मजीदची सर्वांत लांब आयत कर्जाचा आणि देवाणघेवाणीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपल्या मदरशातल्या पोराला पाठ आहे. आपल्या बाजारात मात्र बाप जिवंत असेपर्यंत कोण नोकर, कोण भागीदार हे कागदावर येत नाही. "घरच्या घरात कसली लिखापढी" असे म्हणणाऱ्यांच्याच घरात पुढे सर्वांत मोठी लिखापढी वकील करतात. हिंदू बांधवांना एकत्र कुटुंबाचा कायदा आहे. आपल्याला तो लागू नाही. बाप गेला त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा वेगळा होतो. दुकान बापाच्या एकट्याच्या नावावर असेल तर बँकेचे खाते अडकते आणि जीएसटीचा नंबरही नव्याने काढावा लागतो. भागीदारी असेल तर १९३२ च्या कायद्याप्रमाणे, वेगळे काही लिहिलेले नसल्यास, एक भागीदार वारला की पेढी मोडली असे धरले जाते. "भागीदाराच्या मृत्यूने पेढी मोडणार नाही" हे एक वाक्य भागीदारी पत्रात घालायला वकील वेगळे पैसे घेत नाही. २००८ पासून मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा कायदाही आहे. तिच्यात भागीदार जातात येतात, पेढी राहते. आपापल्या वकिलाला आणि आपल्या आलिमाला एकत्र बसवून कागद करावा, कायद्यातही बसला पाहिजे आणि शरियतमध्येही.

तिसरी गोष्ट, पगार वेगळा आणि नफा वेगळा. जो भाऊ सकाळी नऊ ते रात्री नऊ गल्ल्यावर बसतो त्याला कामाचा पगार मिळावा. जो दुबईत नोकरी करतो त्याला फक्त हिश्श्याचा नफा. बहिणीलाही हिश्श्याचा नफा, आणि तिला हिशेब येत असेल तर पगारावर वही तिच्या हाती. स्टिलच्या घरात बहीण अब्जावधींचा व्यवहार पाहू शकली. आपली बी.कॉम. झालेली मुलगी चार लूमचे जीएसटीचे कागद पाहू शकत नाही का? आपले अर्धे भांडण "मी राबतो आणि सगळे खातात" या एका वाक्यातून निघते. पगार ठरला की हे वाक्य संपले.

चौथी गोष्ट, गादी वयाने नको, लायकीने द्या. थोरल्याला धंदा येत नसेल तर धाकट्याला द्या. घरात कोणालाच येत नसेल तर ईमानदार मुनीमाला पगार देऊन बसवा आणि आपण हिशेब पाहा. यात खानदानाची बेइज्जती नाही. दुकानाला कुलूप लागणे ही बेइज्जती आहे.

काही वाचक म्हणतील, शेठ, ते कारखानदार, आपण चार लूमवाले. आमचे म्हणणे आहे की मोठ्याचे तुकडे झाले तरी प्रत्येक तुकडा पोटापुरता उरतो. चार लूमचे तुकडे झाले तर एकेक लूम वाट्याला येतो आणि मालकाचा मजूर होतो. ज्याचे कमी, त्याला तर एकत्र राहण्याची गरज जास्त.

आणखी काही म्हणतील, एकत्र राहिलो की बायकापोरांत भांडणे होतात. चूल वेगळी करा, जरूर करा. घरे वेगळी, दुकान एक. आणि अगदीच पटत नसेल तर ज्याला निघायचे आहे त्याच्या हिश्श्याची किंमत बाजारातल्या दोन जाणत्या माणसांकडून ठरवून घ्यावी आणि राहणाऱ्यांनी ती हप्त्यांनी फेडावी. माणूस निघाला तरी चालेल, पाटी एक राहिली पाहिजे. कारण सुरतेचा, अहमदाबादचा व्यापारी पाटीला उधार देतो, प्लायवुडच्या भिंतीला नाही.

आमच्या दुकानाची भिंत आता निघणे कठीण आहे. पण आमच्या मुलांसाठी आणि मुलीसाठी आम्ही या वर्षी कागद केला आहे. त्यात मुलीचे नाव आहे आणि तिची सही हक्क सोडण्यासाठी नव्हे, हक्क घेण्यासाठी झाली आहे. ज्यांचे अब्बा हयात आहेत त्यांनी अदबीने हा विषय त्यांच्यापुढे काढावा. जे स्वतः अब्बा आहेत त्यांनी मुलांची वाट पाहू नये. मौतीची वेळ ठरलेली आहे, पण ती आपल्याला सांगितलेली नाही.

अल्लाह तआला आपल्या कारोबारात बरकत देवो आणि हक्कदाराचा हक्क वेळेवर पोहोचवण्याची तौफीक देवो. आमीन.